पुलावरची रांग

गेल्या दिवाळीला धाकटी बहीण माहेरी आली, तेव्हा बरोबर आलेल्या भाचीच्या तोंडावर सणाची कळा नव्हती. फराळाचे ताट पुढे होते, चकलीचा एक तुकडा मोडून तिने तसाच ठेवला होता. पुण्याच्या एका कॉलेजात ती संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’ नावाचा विषय त्या वर्षी नव्याने सुरू होतो, आणि त्याच्या चाचणीत तिला तीसांपैकी सात गुण मिळाले होते.

“मामा, मी हे सोडून देणार. बी. ए.ला जाईन,” ती म्हणाली. बहिणीने माझ्याकडे पाहिले. तिच्या फीसाठी मेव्हण्यांनी बँकेचे कर्ज काढले आहे, हे मला ठाऊक होते.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कॉलेजची पायरी मी चढलो नाही, आणि संगणकाशी माझा संबंध शाळेची पत्रके भरण्यापुरता. तरी मास्तरकीची सवय, मी म्हटले, “काय शिकवलं तेवढं तर सांग.” तिने पाढे म्हणावेत तशा चार व्याख्या एका दमात म्हणून दाखवल्या : एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. एक अक्षर चुकले नाही. मी विचारले, “आणि अर्थ?”

“अर्थ कुठे विचारतात मामा? व्याख्या विचारतात.”

हे उत्तर मला लागले. कारण मी स्वतः मुलांना कविता वाचून दाखवण्याआधी उपमेची व्याख्या फळ्यावर लिहिलेली आहे, आणि मग मुलांना कवितेची गोडी नाही म्हणून कपाळाला हातही लावलेला आहे. मनात आले, ज्या कोणी पहिल्याप्रथम ही कल्पना काढली, त्यांनी काही व्याख्या आधी लिहून मग यंत्र शोधले नसेल. त्यांना कसली तरी अडचण असली पाहिजे. कादंबरी लिहिणाऱ्याला एवढेच कळते, की माणूस अडल्याशिवाय नवीन काही करीत नाही. पुढचे काही महिने मी त्या अडचणीच्या शोधात वाचीत राहिलो. जे हाती लागले ते येथे सांगतो.

ही कथा नॉर्वेत सुरू होते. 1948 साली क्रिस्टेन न्यूगोर नावाचा बावीस वर्षांचा तरुण तेथल्या संरक्षण संशोधन संस्थेत सैनिकी सेवेसाठी दाखल झाला. तो गणिताचा विद्यार्थी. त्या वेळी नॉर्वे आपली पहिली अणुभट्टी उभारीत होता. ऑस्लोजवळच्या शेलर येथे ती 1951 मध्ये सुरू झाली. भट्टीतल्या युरेनियमच्या कांड्या किती जाडीच्या असाव्यात, हा प्रश्न होता. नेहमीच्या समीकरणांनी उत्तर निघेना. तेव्हा न्यूगोर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निराळीच वाट धरली : एकेका कणाचा प्रवास कागदावर कल्पायचा, तो कोठे जाईल, कोठे शोषला जाईल हे यदृच्छेने ठरवायचे, आणि असे पुष्कळ प्रवास हाताने मांडून त्यांवरून निष्कर्ष काढायचा. जुगाराच्या गावावरून या रीतीला मॉन्टे कार्लो म्हणतात.

भट्टीचे काम संपले, पण न्यूगोरच्या डोक्यात एक गोष्ट राहिली. सगळ्या व्यवस्थेचे एक मोठे सूत्र मांडण्यापेक्षा तिच्यातला एकेक घटक आपापल्या मार्गाने चालू द्यावा आणि काय घडते ते पाहावे, हे अधिक उपयोगी पडते. पुढची काही वर्षे तो सैन्याच्या कामांची अशीच गणिते मांडीत होता. मग त्याच्या ध्यानात आले, की कारखाना काय, बंदर काय, विमानतळ काय, सगळीकडे एकच चित्र आहे : कोणी तरी येतो, रांगेत उभा राहतो, त्याचे काम होते, तो पुढच्या रांगेकडे जातो. हे चित्र यंत्राला सांगायचे कसे? तशी भाषाच नव्हती.

त्या वेळी संगणकाला द्यायच्या आज्ञा म्हणजे एक पाककृती असे. आधी हे करा, मग ते करा, कणीक मळा, तवा तापवा. पोळी करायची असेल तर पाककृती पुरते. पण लग्नघराचे काय? तेथे आचारी, वाढपी, भटजी, वरमाय, बँडवाले असे शंभर जण एकाच वेळी आपापले काम करीत असतात, एकमेकांसाठी खोळंबतात, एकमेकांना निरोप धाडतात. अख्खे लग्न एका पाककृतीत लिहू गेले तर तिसऱ्या ओळीलाच गोंधळ होईल. त्यापेक्षा आचाऱ्याने काय करायचे ते आचाऱ्याच्या कागदावर, वाढप्याने काय करायचे ते वाढप्याच्या कागदावर लिहावे, आणि मग मुहूर्त धरावा, हे शहाणपणाचे. उपमा माझी आहे. पण न्यूगोरला हवे होते ते हेच.

1960 मध्ये तो ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आला. कल्पना त्याच्याजवळ होती. पण यंत्राच्या पोटात शिरून भाषा घडवणारा माणूस हवा होता. तो त्याला ओले-योहान दाल याच्या रूपाने मिळाला. दाल त्याच्याहून पाच वर्षांनी लहान आणि प्रोग्रॅमिंगमध्ये पारंगत. 1963 मध्ये दालही त्या संस्थेत दाखल झाला. त्याच वर्षी संस्थेला अमेरिकेच्या युनिव्हॅक कंपनीचे 1107 हे यंत्र सवलतीत मिळाले. या नॉर्वेजियनांनी आपली नवी भाषा त्या यंत्रावर चालवून दाखवायची, हाही त्या व्यवहाराचाच एक भाग होता. अशा रीतीने 1965 च्या सुमारास ‘सिम्युला’ ही भाषा कामाला लागली.

या दोघांची एक गोष्ट पुढे त्यांनी स्वतःच सांगितली आहे. 1967 च्या वसंतात संस्थेत नव्याने लागलेली एक नोकर घाबरीघुबरी होऊन टेलिफोनच्या मुलीकडे धावत आली. वर दोन माणसे फळ्यासमोर हमरीतुमरीवर आली आहेत, काय करावे? टेलिफोनची मुलगी दाराशी गेली, क्षणभर कान दिला आणि म्हणाली, घाबरू नका, ते दाल आणि न्यूगोर आहेत, सिम्युलाबद्दल बोलताहेत.

भांडण कशावरून होते, ते आता पाहू. माझ्या भाचीच्या सात गुणांचे मूळ तेथे आहे.

त्यांच्यापुढे एक उदाहरण होते : एक पूल, पुलावर टोलनाका, आणि नाक्यावर वाहनांची रांग. रांगेत ट्रक आहेत, बसगाड्या आहेत, मोटारी आहेत. रांगेच्या दृष्टीने सगळी सारखी. पुढे कोण, मागे कोण, एवढेच रांगेला कळायला हवे. पण ट्रकला माल आहे, बसला उतारू आहेत. प्रत्येकाचे वर्णन स्वतंत्र लिहावे, तर रांगेत उभे राहण्याची रीत प्रत्येकात पुन्हा पुन्हा लिहावी लागते. सगळ्यांचे मिळून एकच वर्णन करावे, तर ट्रकचे ट्रकपण जाते. इंग्रज संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी 1966 मध्ये फ्रान्समधल्या एका उन्हाळी शिबिरात मांडलेल्या ‘वर्ग आणि उपवर्ग’ या विचाराने दोघांना दिशा दाखवली होती, पण तो जसाच्या तसा लागू पडेना.

1967 च्या आरंभी गाठ सुटली. ‘रांगेत उभा राहू शकणारा’ एवढेच वर्णन एकदा लिहावे. ‘वाहना’चे वर्णन लिहिताना ते मागे जोडून द्यावे. मग ‘ट्रक’ लिहिताना ‘वाहन’ मागे जोडावे आणि फक्त ट्रकचे विशेष तेवढे पुढे लिहावेत. म्हणजे ट्रक हा ट्रकही राहतो, वाहनही राहतो आणि रांगेतही उभा राहतो. त्याच वर्षी मे महिन्यात ऑस्लोत भरलेल्या परिषदेत त्यांनी हा विचार मांडला, आणि सिम्युला 67 ही भाषा जन्माला आली. आज ज्याला ‘इन्हेरिटन्स’ म्हणतात आणि ज्याची व्याख्या दोन गुणांना विचारतात, ते हेच. एका पुलावरच्या रांगेची अडचण होती, उत्तर सापडले, नाव पुढे पडले.

आणखी गंमत अशी, की भाचीच्या वहीत पहिल्या क्रमांकावर असलेले ‘एन्कॅप्सुलेशन’, म्हणजे एका घटकाची माहिती दुसऱ्याने परस्पर हाताळू नये म्हणून घातलेले कुलूप, मूळच्या सिम्युला 67 मध्ये नव्हतेच. घर बांधले, लोक राहू लागले, चोऱ्या होऊ लागल्या, आणि मग काही वर्षांनी दाराला कडी आली. वहीत मात्र कडी पहिली आणि घर शेवटी!

नॉर्वेतून ही कल्पना अमेरिकेत कशी गेली, तेही ऐकण्यासारखे आहे. 1966 मध्ये ॲलन के नावाचा विद्यार्थी युटा विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्याच्या वाट्याला आलेल्या एका भाषेचे कागद वाचता वाचता कळेनात. कारण ती अपेक्षेप्रमाणे ‘अल्गोल’ नव्हती, ती सिम्युला होती. त्याने आणि एका सोबत्याने त्या आज्ञावलीचा छापील कागद वऱ्हांड्यात अंथरला. तो भरला सुमारे ऐंशी फूट. मग दोघे त्यावर रांगत, एकमेकांना हाका मारीत वाचू लागले. के याने गणिताबरोबर जीवशास्त्राचाही अभ्यास केलेला. त्याला त्या कागदात सजीव पेशी दिसल्या : प्रत्येकीचे पोट बंद, प्रत्येक आपल्यापुरती पूर्ण, आणि एकमेकींशी व्यवहार फक्त निरोपांचा. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हे नाव त्यानेच प्रचारात आणले.

पुढे कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या 1970 मध्ये निघालेल्या संशोधन केंद्रात, के आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘स्मॉलटॉक’ ही भाषा केली. ती त्यांनी आधी कोणाला शिकवली असेल? पदवीधरांना नव्हे, शाळेतल्या मुलांना. ॲडेल गोल्डबर्ग या बाईंनी मुलांसाठी धडे रचले. त्यांत पडद्यावर एक चौकट असे, तिचे नाव जो. मूल जोला सांगे, वळ, जो वळे. सांगे, मोठा हो. जो मोठा होई. मग मूल तसलीच दुसरी चौकट करी, आणि पहिली वळवली तरी दुसरी जागची हलत नाही, हे आपल्या डोळ्यांनी पाही. एक साचा आणि त्यातून निघालेल्या निराळ्या वस्तू, हा ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ यांतला भेद बारा-तेरा वर्षांच्या पोरांना व्याख्येवाचून कळत होता.

मग तोच विषय एकोणीस वर्षांच्या माझ्या भाचीला का अडला? याचेही उत्तर इतिहासातच आहे. डेन्मार्कचे ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप यांनी केंब्रिजला असताना सिम्युला वापरली होती. 1979 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्यांनी ‘सी’ या वेगवान भाषेला सिम्युलाचे वर्ग जोडायला घेतले. त्यातून ‘सी प्लस प्लस’ झाली. 1995 मध्ये ‘जावा’ आली. उद्योगधंद्यांनी या भाषा उचलल्या, आणि धंद्यापाठोपाठ त्या वर्गात शिरल्या. अमेरिकेत हायस्कुलातच कॉलेजच्या पहिल्या वर्षाइतका अभ्यास करणाऱ्या मुलांची एक परीक्षा असते. तिच्यातल्या संगणकाच्या विषयात पूर्वी ‘पास्कल’ ही साधी भाषा होती. 1999 पासून सी प्लस प्लस आली आणि 2004 पासून जावा.

त्या भाषा कसलेल्या कारागिरांसाठी झालेल्या. त्या काळच्या जावात पडद्यावर ‘नमस्कार’ एवढा शब्द उमटवायचा, तरी आधी ‘पब्लिक क्लास’, मग ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ असा मंत्र म्हणावा लागे. मुलाने विचारले, हे काय? मास्तर म्हणत, ते पुढे कळेल, आत्ता लिहा. शिक्षणात ‘पुढे कळेल’ हे वाक्य एकदा चालते, दोनदा चालते. तिसऱ्यांदा मूल विचारणे सोडते आणि पाठ करू लागते.

हे शिक्षकांच्या ध्यानात आले नाही असे नव्हे. ऑस्ट्रेलियात मायकेल कोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये ‘ब्ल्यूजे’ नावाचे साधन काढले. त्यात तो मंत्र न म्हणता मुलाला आधी वस्तू दिसते, तिला प्रश्न विचारता येतो. याच्या उलट पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने 2011 मध्ये हा विषय आरंभीच्या अभ्यासक्रमातून काढूनच टाकला. नवख्यांना तो नको, पुढे घ्यावा, असे तेथे ठरले. जाणत्यांतही असा मतभेद आहे, हे भाचीला सांगितले तेव्हा तिला पुष्कळ हायसे वाटले. आपण मठ्ठ आहोत, ही तिची समजूत थोडी सैल झाली.

पण हायसे वाटण्याने पेपर सुटत नाही. डिसेंबरात विषय राहिलाच. मे महिन्यात ती पुन्हा आमच्याकडे आली, तेव्हा मी एक युक्ती वाचून ठेवली होती. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोघांनी ती 1989 मध्ये मांडली. संगणक बाजूला ठेवायचा. एकेका घटकासाठी एकेक कार्ड घ्यायचे. वर नाव, डावीकडे त्याची कामे, उजवीकडे त्याला कोणाकोणाची मदत लागते ते. मग एखादा प्रसंग कल्पून तो कार्डांकरवी वठवायचा. ज्याची पाळी त्याने आपले कार्ड हातात उचलून धरायचे.

आमच्या घरात जुन्या लग्नपत्रिकांना तोटा नाही. त्यांच्या कोऱ्या पाठी घेतल्या, आणि ओसरीवर रेशनचे दुकान मांडले. भाची दुकानदार, मी नोंदवही, चौथीतला पुतण्या धान्याचा साठा, बहीण अंगठ्याचे यंत्र, आणि आई ग्राहक. शिधापत्रिका दोन प्रकारच्या केल्या, अंत्योदय आणि प्राधान्य.

पहिल्या फेरीला भाचीने पुतण्याच्या हातातले कार्ड ओढून किती धान्य उरले ते स्वतःच वाचले. तो ओरडला, “आत्ते, बघ ना! माझं कार्ड आहे. मला विचार की, मी सांगतो!” भाचीचा हात तसाच राहिला. मग ती हळूच म्हणाली, “मामा, हे एन्कॅप्सुलेशन.” पुढे दुकानदाराने शिधापत्रिकेला विचारले, “तुझे धान्य किती?” अंत्योदयने सांगितले, घराला पस्तीस किलो. प्राधान्यने माणसे मोजून सांगितले, माणशी पाच किलो. प्रश्न एकच, उत्तर ज्याने त्याने आपापल्या नियमाने दिले, आणि तो नियम दुकानदाराला ठाऊक असण्याचे कारणच पडले नाही. “हे पॉलिमॉर्फिझम,” भाची म्हणाली. आणि दोन्ही मुळात शिधापत्रिकाच आहेत, म्हणून ‘शिधापत्रिका’ हे तिसरे कार्ड तिने आपण होऊन लिहून वर ठेवले. मला काही सांगावे लागले नाही.

खेळ रंगात आला असताना आई म्हणाली, “अगं, पण माझा अंगठा उमटला नाही तर? म्हातारपणी रेषा झिजतात. मग मी कुणाला विचारू?” आम्ही सगळी कार्डे पाहिली. ते काम कोणाच्याच कार्डावर नव्हते. “आणि मी दोन तास उभी आहे, गुडघे दुखताहेत, हे कुठे लिहिलंय?” तेही कोठे नव्हते.

मुले हसली. मला मात्र न्यूगोर आठवला. जगाचे वर्णन करणारी भाषा त्याने केली. पण वर्णन कोण करणार, ज्याचे वर्णन होते त्याला विचारणार कोण, हा प्रश्न त्याला सुटला नव्हता. आपले साधन कामगारांच्या कामाची मांडणी वरून ठरवणाऱ्यांच्या हाती जाईल, हे त्याला जाणवले. म्हणून 1970 ते 1973 ही वर्षे त्याने नॉर्वेच्या लोखंड व धातुकामगार संघटनेबरोबर घालवली. यंत्र कारखान्यात येते तेव्हा कामगाराने काय विचारावे, काय मागावे, याचा अभ्यास कामगारांनाच बरोबर घेऊन केला. 1975 मध्ये तेथील मालक आणि कामगार यांच्या राष्ट्रीय पातळीवरच्या करारात संगणकाच्या वापराबद्दल कामगारांच्या हक्कांची कलमे आली, त्यामागे अशा कामाचे बळ होते. रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही बोलता येते, ही गोष्ट रांगेचे गणित मांडणाऱ्यानेच ध्यानात ठेवली.

दाल आणि न्यूगोर यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार 2001 सालासाठी मिळाला. 2002 च्या जून अखेरीस दाल वारले आणि ऑगस्टमध्ये न्यूगोर. फळ्यासमोर इतकी वर्षे भांडलेली जोडी सहा आठवड्यांच्या अंतराने गेली.

भाची त्या खेपेला पास झाली. गुण सांगावेत असे नाहीत, पण बी. ए.चे नाव तिने पुन्हा काढले नाही. कार्डांनी पेपर सुटला असे मी म्हणणार नाही. जून उजाडेपर्यंत ती रोज रात्री संगणकापुढे बसे आणि चुका काढी, त्यानेच तो सुटला. कार्डांनी एवढेच केले, की आपण कशासाठी बसलो आहोत हे तिला कळले.

जुलैत तिने रेशन दुकानाची ती आज्ञावली मला चालवून दाखवली. त्यात एक नवीन क्लास होता. मी नाव विचारले. “तक्रार,” ती म्हणाली. “अंगठा उमटला नाही, तर आजीनं कुणाला विचारायचं ते.”

या जूनपासून मीही आधी कविता वाचतो. उपमेची व्याख्या मुले मागतील तेव्हा देतो.